त्यांनी बडगी जाळली

बडगी पेटायला वेळ लागला. सागाचं जुनं लाकूड, त्यात तीस-चाळीस हिवाळ्यांचं तेल मुरलेलं, मला वाटलं भसकन पेटेल. नाही पेटली. आधी नुसता धूर झाला. मग आतलं भरीत करपल्याचा वास सुटला. मग जाळानं काठ धरला.

मी चार पावलांवर गुडघ्यांवर होतो. ओठ फाटलेला. उजव्या हाताची दोन बोटं अशी वाकलेली की ती माझी वाटत नव्हती. समोर बावीस माणसं केळीची रिकामी पानं पुढ्यात घेऊन एक भांडं जळताना बघत होती. त्यातला एक जण हळहळला, "आबा, भांडं तरी ठेवायचं होतं. धुतलं असतं."

आबा म्हणाले, "लाकूड आहे ते. पिऊन घेतं. धुऊन निघत नाही."

हे वाक्य मी नंतर पोलिसांत शब्दाला शब्द लिहायला लावलं.

ज्यांनी खानदेशातला हिवाळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बडगी म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरलेलं खोलगट लाकडी भांडं. थंडी पडली की इकडं भरताच्या पार्ट्या सुरू होतात. वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांवर भाजायची, सोलायची, बडगीत घालून मुसळानं ठेचायची. शेतात, दिवसाढवळ्या, सगळ्यांनी मिळून. जळगावात कुणी भरताला बोलावलं की समजायचं, तुम्ही त्यांचे झालात. मला बोलावलं होतं. मी नवा शर्ट घातला होता.

मी मूळचा दोंडाईच्याजवळच्या एका गावचा. बाप गावचा कोतवाल. तलाठ्याचे कागद घरोघरी पोचवायचे, दवंडी द्यायची, साहेब आला की खुर्ची पुसायची. मी धुळ्याला डिप्लोमा केला, मागासवर्गीय मुलांच्या सरकारी वसतिगृहात राहून. तिथं मित्र करावे लागले नाहीत. एका खोलीत चौघं, एक बादली, एक इस्त्री. जात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती, ती इमारतीच्या पाटीवरच लिहिलेली होती. शिक्षण संपलं. कोणी सुरतेला गेलं, कोणी पुण्याला. मी जळगावला आलो. एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणारा एक कारखाना आहे, त्यात क्वालिटीला लागलो. चटईचा काठ तपासायचा, वजन बघायचं, खराब निघाली तर लाल खूण मारून बाजूला टाकायची.

पहिले तीन आठवडे मी कामाशिवाय कोणाशी बोललो नाही. एक चहा. जरा सरका. सुटे नाहीत. एवढंच तोंडातून निघायचं. रविवारी मेहरूण तलावावर जायचो आणि लोकांचे ग्रुप बघायचो. एकमेकांच्या पाठीत थापा मारणारी, मोठ्यानं हसणारी माणसं. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यात जाऊन बसावंसंही वाटायचं. आईचा फोन आला की मी सांगायचो, लई मित्र झाले. मग फोन ठेवून भिंतीकडं बघत बसायचो.

मग हेमंत आला. एरंडोलचा, लूमच्या मेन्टेनन्सला. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. "काय भो, एकटाच?" म्हणाला आणि डबा पुढं सरकवला. शेवभाजी होती, वर तर्री. मी खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं, तिखटाचं म्हणून सांगितलं. महिन्याभरात आम्ही पिंप्राळ्याकडं एक खोली मिळून घेतली. मी तापानं फणफणलो तेव्हा त्यानं दोन दिवस रजा टाकली. माझ्या उष्ट्या भांड्यांना हात लावला. मला तो आवडला. सरळ सांगतो, भावासारखा आवडला. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं तुम्हाला कळणार नाही.

त्यानंच मला त्याच्या ग्रुपमध्ये नेलं. कॅन्टीनचं शेवटचं टेबल, आठ जण, टेबलाच्या टोकाला शिफ्ट इनचार्ज योगेशभाऊ. मोबाइलवर ग्रुपचं नाव 'डबा मंडळ', अ‍ॅडमिन हेमंत. पहिल्याच दिवशी योगेशभाऊंनी विचारलं, "आडनाव काय?" मी सांगितलं. "गाव?" तेही सांगितलं. "मग आपल्यातलाच आहे," ते म्हणाले आणि स्वतःच्या डब्यातली पुरी माझ्या डब्यात टाकली. आमच्याकडं काही आडनावं वरच्या आळीतही असतात आणि खालच्या आळीतही. माझं त्यातलं एक. मी खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही. पुरी खाल्ली.

पुढचे सहा महिने मी त्या पुरीची किंमत मोजत राहिलो. त्या टेबलावर खराब चटयांना एक नाव होतं. कोट्यातला माल. काठ उसवलेली, रंग फुटलेली चटई निघाली की योगेशभाऊ म्हणायचे, "घ्या, आली कोट्यातली." सगळे हसायचे. लाल खूण मारायचं काम माझं. मीही हसायचो. कधीकधी तर बाकीच्यांपेक्षा जोरात, म्हणजे कुणाला शंका नको. घरी येऊन तोंड धुताना आरशात बघायची हिंमत व्हायची नाही. तरी दुसऱ्या दिवशी दीड वाजला की डबा उचलून पुन्हा तिथंच. एकटं जेवण्याची मला इतकी धास्ती बसली होती.

हेमंतला कळलं ते दिवाळीनंतर. कंपनीच्या कामानं आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवर धुळ्याला गेलो. तिथं माझी बहीण राहते. तिच्या बाळंतपणासाठी आई आलेली होती. ती जेवल्याशिवाय सोडेना. हेमंत आत आला, मांडी घालून बसला आणि त्यानं भिंतीकडं पाहिलं. बुद्धाची मूर्ती. शेजारी निळ्या कोटातला फोटो. त्याचा घास हातात थांबला. मी बघत होतो. मग त्यानं तो तोंडात घातला, आणखी भाजी मागून घेतली, आईच्या हाताला चव आहे म्हणाला. आई खूश.

परतताना पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "मला काही फरक पडत नाही भो. फक्त ग्रुपमध्ये बोलू नको. योगेशभाऊचं जरा तसं आहे."

मी त्याला थँक्यू म्हणालो. आजही ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. माझ्या जन्माचं गुपित ठेवल्याबद्दल मी त्याचे आभार मानले. जसं काही मी चोरी केली होती आणि त्यानं ती झाकली होती.

जानेवारीत भरीत पार्टी ठरली. योगेशभाऊंचे वडील म्हणजे आबा, त्यांचं शेत तापीकडं. काळी जमीन, केळीचे बाग, विहिरीजवळ मोकळी जागा. रविवारी सकाळी दहालाच पोचलो. आमचं टेबल आणि आबांचे भाऊबंद धरून वीसएक माणसं होती. खाली अंथरायला कारखान्यातल्याच चटया होत्या, लाल खुणा मीच मारलेल्या. बामणोदची हिरवी वांगी, एकेक हातभर. पऱ्हाट्या रचल्या, वांगी लावली, जाळ केला. सालं तडतडायला लागली. बाजूच्या चुलीवर कढईत तेल तापत ठेवलं, फोडणीला.

आबा बडगी घेऊन आले. त्यांच्या वडिलांच्या काळातली. काठ हातांनी गुळगुळीत झालेला, तळाला तेलाचा काळा रंग. योगेशभाऊ म्हणाले, "नवा गडी बडगी धरतो. आपली रीत आहे." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. हेमंतनंही पाहिलं, आणि लगेच खाली बघून लसूण सोलायला लागला. तो तेव्हाच बोलू शकला असता. म्हणाला असता, याचा हात दुखतोय, मी करतो. नाही म्हणाला.

आणि मी? मला आनंद झाला. काय सांगू किती झाला. आमच्या घरी बडगी नव्हती, आई पाट्यावर भरीत करते. मी मांडीत बडगी धरली, सोललेली वांगी टाकली आणि मुसळ घेतलं. ठेचता ठेचता घाम आला, शर्ट चिकटला. आजूबाजूला शिट्ट्या, गाणी, "जोर लाव भो!" मी जोर लावला. वांग्याचे धागे सुटले, लोण्यासारखं झालं. आबांनी बोट बुडवून चव घेतली. "हात बसलेला आहे पोराचा," म्हणाले. मला वाटलं, झालं. आता हे शहर माझं.

पानं मांडली तेवढ्यात आबांचे व्याही आले. दोंडाईच्याहून सकाळच्या गाडीनं निघालेले. पांढरा सदरा, टोपी. सगळे त्यांना नाना म्हणत होते. मी मान वर केली, मुसळ अजून हातातच होतं, आणि ओळखलं. आमच्याच गावचे. माझा बाप ज्यांच्या ओट्याखाली कागद घेऊन उभा राहतो, ते.

त्यांनी मला निरखून पाहिलं. माझा चेहरा बापावर गेलाय, त्याला मी काय करणार?

"तू कोना आंडोर रे?" त्यांनी विचारलं. कुणाचा मुलगा तू?

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच दिलं. आबांकडं वळून, मोठ्यानं, "हाऊ आम्हना गावना कोतवालना आंडोर शे! याना बाप मना दारमा उभा ऱ्हास. अन् हाऊ आठे बडगी लीसन बठेल शे?" ज्याचा बाप माझ्या दारात उभा राहतो, तो इथं बडगी घेऊन बसलाय?

गाणं थांबलं. फक्त कढईतलं तेल वाजत होतं.

आबांनी योगेशभाऊंकडं पाहिलं. "काय म्हणू राह्यले व्याही?" योगेशभाऊंनी माझ्याकडं. "खरं का?"

"हो," मी म्हणालो.

आबा थुंकले. उठून विहिरीच्या नळाशी गेले आणि खळखळून चूळ भरली. एकदा, दोनदा, मी मोजल्या नाहीत पण बराच वेळ भरत होते. एका बोटाएवढं भरीत होतं ते. परत आले तेव्हा तोंड पुसत त्यांनी विचारलं, "याला कोणी आणलं?"

सगळ्यांनी हेमंतकडं पाहिलं. मीही पाहिलं. मला अजून आशा होती, इतका मूर्ख होतो. वाटलं हा उठेल, म्हणेल, मी आणलं, मित्र आहे माझा, मी याच्या घरी जेवलोय.

हेमंत उठला. लसणाची सालं झटकली. माझ्याजवळ आला आणि त्यानं माझ्या कानाखाली मारली.

"फसवलं यानं मला," तो म्हणाला. "मला काय माहीत होतं!"

त्यानं वाट मोकळी करून दिली. मग बाकीचे तुटून पडले. ज्यांच्या डब्यातलं मी सहा महिने खाल्लं आणि ज्यांनी माझ्या डब्यातलं खाल्लं, तेच हात. कोणीतरी केस धरून मागं ओढलं. कोणीतरी कमरेत लाथ घातली. "म्हारड्या, लायकी विसरलास?" हे योगेशभाऊ. त्यांनी माझ्याच हातातलं मुसळ हिसकलं, माझा उजवा हात चटईवर दाबून धरायला लावला, आणि मारलं. "याच हातानं केलं ना?" दुसऱ्यांदा मारलं तेव्हा बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी ओरडलो. आईच्या नावानं ओरडलो. त्याची मला लाज नाही.

आबांनी हात वर केला. सगळे थांबले. आबा ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. अगदी समजूतदार आवाजात म्हणाले, "झालं. पोरगं चुकलं. बडगीपुढं नाक घास आणि निघ. विषय इथंच संपवू. नोकरीला धक्का लावत नाही."

सोपं होतं. एकदा नाक घासायचं. सोमवारी कामावर जायचं, लाल खुणा मारायच्या, कॅन्टीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसायचं. माझ्या बापानं आयुष्यभर असंच काहीतरी घासत मला शिकवलं होतं. मी गुडघ्यांवर होतो, बडगी समोर होती, आतलं भरीत अजून वाफाळत होतं. ते मी केलं होतं. इतकं सुंदर भरीत मी पुन्हा करू शकणार नाही.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. भीती होती. पण भीतीच्या वर राग चढला. मारल्याचा कमी. सहा महिने हसल्याचा जास्त.

मी डावा हात बडगीत घातला. मूठभर भरीत उचललं आणि त्यांच्यासमोर खाल्लं. जीभ भाजली. फाटलेल्या ओठाचं रक्त त्यात मिसळलं. गिळलं. दुसरी मूठ घेतली. तीही खाल्ली.

"मी महार आहे," मी म्हणालो. "हे भरीत मी केलंय. नाक घासणार नाही."

त्यानंतर मात्र त्यांचं भान सुटलं. किती लाथा पडल्या ते डॉक्टरांनी मोजलं, मी नाही. एका बरगडीला तडा गेला. मी पुन्हा गुडघ्यांवर यायचो आणि ते पुन्हा पाडायचे. शेवटी आबांनी दोघांना बडगी उचलायला लावली आणि ती भरतासकट जाळात टाकली. वडिलांची आठवण होती त्यांची. ती त्यांना जाळता आली. माझ्या हातचं खाता आलं नाही.

त्यांची जात कोणती ते मी इथं लिहिलं नाही. त्यांनी माझी काढली. मला त्यांची काढायची नाही.

केळीच्या बागेतून रस्त्यापर्यंत मी चालत आलो. एक रिक्षावाला थांबला, सिव्हिलला सोडलं. तिथं बाकावर बसून डाव्या हातानं मोबाइल उघडला. 'डबा मंडळ'मधून मला काढलं होतं. कुणी काढलं तेही तिथंच लिहिलेलं असतं. हेमंत.

आणि तरीही. हे लिहिताना माझा मलाच संताप येतोय, पण लिहितो. त्या संध्याकाळी पोलीस ठाण्यात मी फिर्याद दिली तेव्हा सगळ्यांची नावं सांगितली. योगेशभाऊ. आबा. नाना. हात दाबून धरणारे दोघं. हेमंतचं नाव सांगितलं नाही. पहिली चापट कोणाची, ते मी गिळलं. माझ्या डोक्यात अजून शेवभाजीचा डबा होता, तापातले ते दोन दिवस होते. या शहरात तो एकच माणूस माझा होता. त्याला गमावलं तर माझ्याकडं कोण उरतं, हा हिशोब मी मोडक्या बोटांनिशी करत होतो.

फिर्याद लिहिणारे हवालदार आधी म्हणाले, "किरकोळ वादातून मारहाण, असं टाकू का?" मी नाही म्हणालो. मग म्हणाले, "बरं, जातिवाचक शिवीगाळ लिहितो." मी म्हणालो, "शब्द लिहा." "कोणता?" मी सांगितला. "मोठ्यानं सांगा, ऐकू आलं नाही." मी मोठ्यानं सांगितला. मागच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा तो शब्द अर्धाच होता, म्हणून तिसऱ्यांदा सांगितला. स्वतःला दिलेली शिवी स्वतःच्या तोंडानं तीनदा. ती चव अजून गेलेली नाही.

दोन दिवसांनी बापाचा फोन आला. नानांची माणसं घरी येऊन गेली होती. मला वाटलं, माघार घे म्हणणार. त्याला उद्या त्याच ओट्याखाली उभं राहायचं होतं.  त्यानं विचारलं, "हात कसा शे?"

"दोन बोटं मोडली."

"मना हात ढोल वाजाडी वाजाडी गया," बाप म्हणाला. "तुना तरी जावाले नको. माघार लेवानी नही."

एवढंच बोलला. ढोल म्हणजे दवंडीचा. माझा बाप कुणालाच कधी नाही म्हणालेला मी ऐकलेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाला हेमंत खोलीवर आला. त्यानं सामान आधीच हलवलेलं होतं. हातात पार्सल. शेवभाजी. हॉटेलची, वर तशीच तर्री. दारात उभा राहून माझ्या प्लास्टरकडं बघत राहिला, मग आत येऊन बसला.

"मित्र म्हणून सांगतो," तो म्हणाला. "परत घे. पिऊन भांडण झालं असं सांग. योगेशभाऊ म्हणतात, झालं गेलं विसरू. ग्रुपमध्ये पण परत घेऊ तुला."

मी म्हणालो, "तू मारलंस मला."

"हळूच मारलं होतं भो," तो म्हणाला. "तुला समजायला पाहिजे होतं. मी नसतं मारलं तर त्यांनी मला पण धरलं असतं. मला बहिणीचं लग्न करायचंय. त्यांच्यातच राहायचंय मला."

हळूच. तो खरंच तसं म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग होता, की मला एवढंही कळू नये.  सहा महिने एका खोलीत झोपलो होतो. माझ्या आईच्या हाताला चव आहे म्हणालेला माणूस.

"ठीक," मी म्हणालो. "साक्ष देशील? तुला सगळं माहीत आहे. तू माझ्या घरी जेवलास. तुला आधीपासून माहीत होतं, मी कुणाला फसवलं नाही, एवढंच सांग. बाकी काही नको."

त्यानं मान हलवली. नाही.

"मग तुला फरक पडतो," मी म्हणालो.

तो उठला. मी पार्सल त्याच्या हातात परत दिलं. तो घेईना, म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि दार लावलं. दाराला पाठ लावून खाली बसलो आणि रडलो. त्याच्यासाठी रडलो, खोटं कशाला बोलू. रडताना बरगडी दुखत होती. पण रडता रडता मला एक गोष्ट लख्ख दिसली. योगेशभाऊंना मी कोण ते माहीत नव्हतं. आबांना माहीत नव्हतं. आधीपासून माहीत असून मारणारा तिथं एकच होता. आणि त्यालाच मी वाचवत होतो, कारण त्यानं एकदा डबा पुढं सरकवला होता.

सकाळी ठाणं उघडं होतंच. मी हवालदारांसमोर बसलो. "पुरवणी जबाब द्यायचाय," म्हणालो.

"काय राहिलं?"

"एक नाव राहिलं."

त्यांनी कागद लावला. मी पहिल्यापासून सांगितलं. आबांनी विचारलं, याला कोणी आणलं. हा उठला. यानं मारलं. पहिला हात याचा. मोबाइलवरचा ग्रुप दाखवला, काढणाऱ्याचं नाव दाखवलं. धुळ्याला जेवला होता तो दिवस सांगितला. हवालदारांनी चष्मा वर केला. "तुमचा रूममेट ना हा? मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"त्या दिवशी मला मित्र हवा होता."

त्यांनी लिहून घेतलं. हे वाक्य लिहिलं का, विचारलं नाही. मग माझ्या प्लास्टरकडं बघून शाईचा पॅड पुढं सरकवला. "सही जमणार नाही. डाव्या हाताचा अंगठा द्या. चालतो."

मी पॅड परत सरकवला. "अंगठा देणार नाही."

"अहो, चालतो."

"मला नाही चालत."

डाव्या हातात पेन धरलं.  पहिलं अक्षर तिरकं गेलं, दुसरं त्याच्यावर चढलं. हवालदार घड्याळाकडं बघत होते, मी घाई केली नाही. माझं नाव लिहिलं. बापाचं लिहिलं. मग आडनाव, ज्याच्या आड सहा महिने लपून बसलो होतो. कंसात जात लिहिली. कोणी मागितली नव्हती.

सोमवारी कामावर जाणार आहे. दीड वाजता डबा घेऊन त्याच शेवटच्या टेबलावर बसणार आहे, योगेशभाऊ समोर येऊन बसले तरी. कोणी उठून गेलं तर जाऊ दे. कोणी बसलं तर पहिला घास घ्यायच्या आत मी त्याला माझी जात सांगणार आहे. आणि कोर्टात पुकारा होईल तेव्हा पहिलं नाव हेमंतचं घेणार आहे.